ताटाची डावी बाजू: शुगर निघाल्यावर घरचं जेवण कसं जेवावं

मला शुगर निघाली तेव्हा मी ४७ वर्षांची होते. रिपोर्ट दाखवून बाहेर पडताना हातात एक छापील कागद मिळाला. सकाळी ओट्स, अकराला एक सफरचंद, दुपारी दोन फुलके आणि उकडलेल्या भाज्या, चारला दोन मारी बिस्किटं, रात्री सूप. मी तो कागद फ्रीजला चिकटवला आणि अकरा दिवस इमानेइतबारे पाळला. बाराव्या रात्री सगळे झोपल्यावर ओट्याशी उभी राहून गार आमटी-भात पातेल्यातूनच खाल्ला. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाठोपाठ चोरी केल्यासारखंही वाटलं.

त्या कागदाची चूक एवढीच होती की तो कुणाच्याच घरचा नव्हता.

आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज त्यात आहे आणि राज्यांमध्ये सगळ्यात वर गोवा, २६.४ टक्के. म्हणजे गोव्यात चार मोठी माणसं पानावर बसली तर त्यातलं एक पान आपल्यातल्याचं. आता या सगळ्यांनी ओट्सवर दिवस काढायचे म्हटलं तर हुमण-भाताचं काय व्हायचं? असलं पथ्यपाणी चार दिवस टिकतं. टिकतं ते रोजचं जेवण. म्हणून जेवण आपलंच ठेवायचं, फक्त वाढायची रीत बदलायची, एवढं मी या वर्षांत शिकले. ते क्रमाने सांगते.

एक गोष्ट आधीच. मी डॉक्टर नाही. पुढचं सगळं मोठ्या वयात होणाऱ्या, म्हणजे टाइप टू मधुमेहाच्या माणसाला धरून लिहिलं आहे. टाइप वन असेल, पोटात बाळ असेल, किंवा मूत्रपिंडाचा त्रास असून क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर डाळी किती, पालेभाज्या किती हा हिशेब वेगळा असतो. तो तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

पहिलं काम: गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा

जेवणाचं बोलायचं सोडून हे कुठे, असं वाटेल. पण जेवण बदललं की गोळीचं काम बदलतं. ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड यांसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि तुम्ही उद्यापासून भात अर्ध्यावर आणलात, तर साखर खूप खाली जाऊ शकते. मेटफॉर्मिन एकटी असेल तर सहसा तसं होत नाही. तिचा त्रास पोटाला होतो, म्हणून ती जेवणाबरोबर घेतात. हल्ली एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, तेव्हा वरचं मोठं नाव सोडा आणि खालची रासायनिक नावं वाचा. मग डॉक्टरांना सांगा, ‘मी जेवण बदलतेय, डोस बघायला लागेल का?’ डोस आपल्या मनाने कमी करायचा नाही.

साखर ७० च्या खाली गेली की ‘लो’ झाली म्हणतात. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, कडकडून भूक, कधी नुसतीच चिडचिड. आमच्याकडे मी विनाकारण कुणावर खेकसले की मुलगी आधी साखर मोजायचं मशीन आणून देते, मग भांडते. अशा वेळी तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं. अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्यायचं, आणि वर आली की पोळी किंवा तत्सम काहीतरी खायचं. पेढा किंवा चॉकलेट शोधत बसू नका, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. आणि पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव असेल तर साखर चालणार नाही, ग्लुकोज पावडरच हवी; या गोळ्या साध्या साखरेचं पचन रोखून धरतात. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेवा. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

दुसरं: आठवडाभर काही बदलू नका, नुसतं लिहा

औषध वेळेवर घ्यायचंच. जेवण मात्र आठ दिवस जसं आहे तसं चालू द्या आणि तोंडात जाईल ते सगळं वहीत टिपा. मोबाइलमध्ये लिहायचं म्हणाल तर दोन दिवसांत विसराल. ओट्यावर वही, वहीला बांधलेलं पेन.

माझ्या वहीतून दोन गोष्टी बाहेर आल्या. एक म्हणजे चहा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमच्याला साधारण ५ ग्रॅम धरले तर ४० ग्रॅम साखर मी जेवायला बसायच्या आधीच पीत होते, वर खारी वेगळी. दुसरी गोष्ट लिहायला लाज वाटत होती. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, कालचा उरलेला भात, डब्यात परत आलेली भाजी, ‘टाकायचं कसं’ म्हणून सगळं माझ्या पोटात. घरातला उरल्यासुरल्याचा डबा मीच होते. पानावर बसून मी जेवत होते दोन पोळ्या, वहीप्रमाणे पावणेचार.

चहाची साखर एकदम बंद केलीत तर चहाच नकोसा होतो. कपामागे आठवड्याला पाव चमचा कमी करा, आलं किंवा गवती चहा वाढवा. दोन महिन्यांत बिनसाखरेच्या चहावर येता, आणि त्यानंतर कुणाच्या घरी गोड चहा मिळाला की तो पाकासारखा लागतो. गुळाचा चहा हा यावरचा उपाय नाही. गुळात बहुतेक साखरच असते, रंग तेवढा वेगळा. मधाचंही तेच. दुकानात ‘नो शुगर’ लिहिलेला गुळाचा चहा विकतात तेव्हा मला हसूही येतं आणि रागही येतो.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: डावी बाजू वाढवा

आमच्या सासूबाई पान वाढायला शिकवायच्या. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी. समोर भाताची मूद, नंतर पोळी. उजवी-डावी चुकली की त्या काही बोलायच्या नाहीत, नुसतं ताटाकडे बघायच्या. मधुमेहींना जी आदर्श थाळी सांगतात, अर्धं ताट भाज्या, पाव भाग डाळ-उसळ-मासे-अंडी, पाव भाग भात किंवा पोळी, ती मी पहिल्यांदा चित्रात पाहिली तेव्हा वाटलं, अरे, हे तर सासूबाईंचंच पान. फक्त मधल्या काळात आपण डावी बाजू चिमटीएवढी केली, भाजी तोंडी लावण्यापुरती उरली आणि भात-पोळीने सगळं ताट व्यापलं.

तेव्हा सुरुवात डावीकडून. कोशिंबीर चमच्याने वाढायची नाही, वाटीने वाढायची. माणशी एक मोठी वाटी, दोन्ही जेवणांना. रोज काकडी-टोमॅटोच्या चकत्या केल्या तर आठवड्यात कंटाळा येईल, आणि चकत्या ही काही कोशिंबीर नव्हे. खमंग काकडी करून बघा. काकडी किसायची नाही, चोचवायची: एका हातात काकडी उभी धरून सुरीने तिच्यावर जवळजवळ वार करायचे आणि मग वरून पातळ काप काढायचे, म्हणजे दाण्यादाण्याचा चुरा पडतो. त्यात दाण्याचं कूट दोन चमचे, लिंबू, कोथिंबीर. चमचाभर तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची तडतडली की वरून ओतायची. मीठ अगदी पान वाढताना, नाहीतर पाणी सुटून सगळं ढिलं होतं. चिमूटभर साखर घालायची आपल्याकडे सवय आहे. ती गाळली तरी काकडी कोवळी असेल तर काही बिघडत नाही.

मग कोबीची पचडी, मुळ्याचा कीस दह्यात, गाजर आणि भिजवलेली मूगडाळ, कांद्याच्या पातीत डाळीचं पीठ पेरून. टोमॅटोचं भरीत, भोपळ्याचं भरीत, वांग्याचं तर आहेच. जवसाची, कारळ्याची, दाण्याची चटणी चमचाभर असू दे, जेवणाला चव तिनेच येते. लोणचं आणि पापड मात्र कमी. त्यांचं वैर साखरेपेक्षा रक्तदाबाशी आहे, आणि ही दोन दुखणी बहुधा जोडीने राहतात.

उजवीकडे दोन भाज्या हव्यात, त्यातली एक पालेभाजी असेल तर उत्तम. ताकातला चाकवत, लसणीची फोडणी दिलेला लाल माठ, शेपू-मूगडाळ, गवार, दोडका, पडवळ, शेवग्याच्या शेंगा. बटाटा भाजीत धरायचा नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. बटाटा, रताळं, सुरण, मका हे भाताच्या खात्यात जमा. बटाट्याची भाजी, पोळी आणि वरण-भात हे आपलं लाडकं जेवण म्हणजे एकाच गोष्टीचे तीन अवतार.

उसळ किंवा पिठलं किंवा मासे यांपैकी एक रोज हवं. वाटीभर आमटीत डाळ किती असते ते एकदा तळाशी डाव फिरवून बघा. आमच्याकडे चार माणसांच्या आमटीत मूठभर डाळ असायची, बाकी पाणी आणि कौतुक. आता वरण घट्ट करते. मोड आलेली मटकी, हुलग्याचं पिठलं, बांगड्याचं तिखलं, अंड्याची भुर्जी. मासे तळण्यापेक्षा कालवणात बरे, आणि तळलेच तर मासा तव्यावर थोड्या तेलात शेकवा, रव्याचा थर पातळ ठेवा.

आता जेवायचा क्रम. आपण सुरुवात वरण-भाताने करतो. तीच जरा मागे ढकला. आधी कोशिंबीर अर्धी संपवा, थोडी भाजी-उसळ खा, मग पोळी, आणि भात शेवटी. भाज्या आणि प्रथिनं आधी पोटात गेली की मागून आलेल्या भात-पोळीची साखर सावकाश चढते. तेच ताट, तेच पदार्थ, पैसा खर्च नाही. मला हे आठ दिवस विचित्र वाटलं, सासूबाईंना त्याहून जास्त दिवस.

चौथं: भात, पोळी, भाकरी मोजून

स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा घ्या. आयुष्यभर वजन करायला नको, पंधरा दिवस पुरे. त्यानंतर नजर तयार होते.

एका पोळीला मी साधारण ३० ग्रॅम कणीक घेते. त्यात पिष्टमय भाग, म्हणजे पोटात गेल्यावर ज्याची साखर होते तो, २० ग्रॅमच्या आसपास. वाटीभर शिजलेल्या भातात साधारण ३०. भाकरीचं वजन केलं तेव्हा मात्र मी चाट पडले. ‘शुगरला भाकरी चालते’ म्हणून मी बिनधास्त दोन खात होते, आणि आमची एक भाकरी भरली ६० ग्रॅम पिठाची. म्हणजे एक भाकरी बरोबर दोन पोळ्या. ज्वारी-बाजरीत तंतू जास्त, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हे खरं. पण ती मोजायची नाही असं कुठेच नाही. नाचणीचंही तसंच. भाकरी करा, सत्त्वाची पातळ गोड पेज नको, ती झरझर चढते.

बहुतेक बायकांचं एका जेवणाला दोन पोळ्या आणि अर्धी वाटी भात, किंवा एक भाकरी आणि अर्धी वाटी भात, यापलीकडे जायला नको. अंगमेहनतीचं काम असेल तर थोडं जास्त चालेल. नेमकं किती ते पुढच्या पायरीत तुमचं तुम्हालाच कळेल.

भात भातवाढीने वाढू नका. वाटी ओली करा, भात हलक्या हाताने भरा, ताटात उलटी करा. मूद पाडायची पद्धत देखणेपणासाठी असेल, पण मापाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. मूद संपली, भात संपला. भातवाढीने घेतलेला ‘अजून थोडा’ कुणीच मोजत नाही. गार केलेल्या भाताने साखर जरा कमी चढते, पेज काढलेल्या भातानेही जरा कमी, असं सांगतात. ते खोटं नाही, पण त्यात ‘जरा’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

घरात वेगळा स्वयंपाक करायचा नाही. एकीसाठी फिकं, बाकीच्यांसाठी चमचमीत असं चाललं की महिन्याभरात ती एकटी सगळ्यांचंच चमचमीत खायला लागते. सगळ्यांना तेच, फक्त माप ज्याचं त्याचं.

पाचवं: दोन तासांनी मशीनला विचारा

साखर मोजायचं मशीन घरी असू द्या. महिन्याचे पट्ट्यांचे पैसे टोचतात, बोटापेक्षा जास्तच, पण सुरुवातीचे दोन महिने ते सोसा. पद्धत अशी: जेवणाच्या आधी एकदा, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा. शेवटच्या घासापासून नाही, पहिल्या. सर्वसाधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं लक्ष्य देतात. वय जास्त असेल, साखर वरचेवर लो होत असेल, तर डॉक्टर ते सैल करतात. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, एचबीए१सी, बहुतेकांना ७ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात.

हात साबणाने धुऊन, पुसून मगच टोचा. एका मे महिन्यात मी हापूस चिरून ठेवले, नुसत्या पाण्याखाली बोटं धरली आणि तपासलं. ३१२! मी खुर्चीतच बसले. नवरा गाडीची किल्ली शोधायला लागला. मुलीने वास घेतला आणि म्हणाली, ‘आई, बोटाला आंबा आहे.’ साबणाने हात धुऊन दुसरं बोट टोचलं तर १४१.

एका वेळी एकाच पदार्थाची परीक्षा घ्या. वहीत पदार्थ, माप, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. माझ्या वहीतले नाश्त्याचे सांगते, पण ते माझे आहेत. बशीभर कांदेपोहे आणि चहा: ११८ वरून २०४. भाजणीचं एक थालीपीठ, दही, काकडी: ११२ वरून १५८. मुगाची दोन धिरडी, जवसाची चटणी: १२० वरून १४६. माझ्या बहिणीला थालीपीठ चढतं आणि इडली चालते. तिच्याशी वाद घालून उपयोग नाही, तिच्या वहीत तसं लिहिलंय.

पोहे सोडवत नसतील (मला सोडवत नाहीत) तर नागपूरकरांकडे बघा. पोह्यांवर चण्याची तर्री ही त्यांची युक्ती. तर्रीतले चणे वाढवायचे, पोहे अर्धे करायचे, वरचा तेलाचा तवंग थोडा बाजूला सारायचा. किंवा पोह्यात पोह्यांइतकाच मटार-फ्लॉवर आणि मूठभर दाणे. आता रविवारी वाटीभर पोहे आणि वाटीभर चणे खाते, आकडा १८० च्या आत राहतो. उपम्यालाही हाच नियम. शिरा हा नाश्ता नाही, तो सण आहे.

जेवणानंतर शतपावली घाला, पण शंभर पावलांनी भागत नाही. दहा-पंधरा मिनिटं तरी चाला, घरातल्या घरात चाललं तरी चालेल. स्नायू चालतात तेव्हा रक्तातली साखर वापरतात, म्हणून सकाळच्या तासाभराच्या फेरफटक्याइतकीच ही जेवणानंतरची चाल मोलाची. मी फोनवर बोलायची सगळी कामं या पंधरा मिनिटांत उरकते.

मधल्या वेळेचं

फुटाणे, भाजलेले दाणे मूठभर, ताक, काकडी, उकडलेलं अंडं. ‘डायबेटिक’ बिस्किटांचं पाकीट उलटून मागचं कार्बोहायड्रेट वाचा. साखर नसली तरी मैदा आहेच. फळ चावून खा, रस नको. पेरू, जांभळं, पपईच्या फोडी, संत्रं, सफरचंद. केळं असेल तर वेलची. फळ जेवणाला जोडून नको, मधल्या वेळी घ्या. हापूस? अर्धा, चार वाजता, दोन-चार बदामांबरोबर, तोही साजरा करत. आमरसाची वाटी ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी पोळी एक आणि भात नाही.

कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड: शेजारीण देईल, मामा फॉरवर्ड करतील. मेथ्या भिजवून खाल्ल्या तर काही बिघडत नाही, कारल्याची भाजी तर मी आवडीने खाते. पण यांच्या भरवशावर गोळी बंद केलेली दोन माणसं मी नात्यात पाहिली आहेत, आणि त्यातल्या एकाच्या पायाची जखम भरता भरता वर्ष गेलं.

उपवास

‘एकादशी दुप्पट खाशी’ हे आपल्या पूर्वजांनीच म्हणून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नाममात्र. खिचडीत वर बटाटा. त्या दिवशी दुपारी माझा आकडा नेहमी सगळ्यात वाईट यायचा आणि संध्याकाळी परत भूक.

ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर निरंकार उपास, कडक नवरात्र, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. गोळी घेतली आणि पोट रिकामं राहिलं की लो होणार. उपास करायचाच तर राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, त्यात किसलेली काकडी आणि दाण्याचं कूट. वरीचा भात मुदीएवढाच, त्यावर दाण्याची आमटी सढळ. खमंग काकडी आहेच, ताक आहे, दही आहे. साबुदाण्याची खिचडी खायचीच असेल तर दोन चमचे, प्रसाद म्हणून, बाजूला दही-काकडी घेऊन. मी संकष्टीला आता दुपारी रोजचं नेहमीचं जेवते आणि चंद्रोदयाची वाट बघत बसत नाही. बाप्पाने अजून तक्रार केलेली नाही. सासूबाईंनी केली होती, पण नंतर त्यांनाही शुगर निघाली.

आग्रह आणि सण

आपल्याकडे ‘नको’ म्हणजे ‘अजून दोनदा विचारा’ असा अर्थ आहे. त्यामुळे नुसतं नको म्हणून भागत नाही. ‘मला शुगर आहे’ म्हटलं की व्याख्यान सुरू होतं, ‘एकाने काय होतंय’ पासून ‘आमच्या अमक्याला बघ’ पर्यंत. मी दोन गोष्टी करते. पहिला पदार्थ थोडासा घेते आणि ताटात शेवटपर्यंत ठेवते; रिकाम्या ताटात वाढतात, भरल्या ताटात नाही. दुसरं, गोड जे काही आहे त्याचं मनापासून कौतुक करते आणि ‘घरी न्यायला डब्यात दे’ म्हणते. वाढणारीला समाधान, मला वेळ. घरी तो डबा चौघांत जातो.

सणाला गोड खायचं ते एकच आणि खरं. दिवाळीत करंजी, लाडू, शंकरपाळे, अनारसे सगळ्यांची चव घेतली की चारही जिभेवर राहत नाहीत आणि साखर तेवढी राहते. मी अनारसा निवडते, एक, आणि उरलेली दिवाळी फोडणीच्या पातळ पोह्यांच्या चिवड्यावर, तोही वाटीनेच. गणपतीत उकडीचा एक मोदक, त्या जेवणाला भात नाही, कारण मोदकाची पारी म्हणजे तांदूळच. शुगर-फ्री मिठाईच्या मागे मी लागत नाही. तिच्यात खवा, तूप, पीठ तेवढंच असतं, आणि ‘फ्री’ म्हणून चार खाल्ल्या जातात.

होळीचं सांगते. पहिल्या वर्षी मी पुरणपोळी केली, सगळ्यांना वाढली आणि स्वतः ज्वारीची भाकरी घेऊन बसले. कुणाशी बोलले नाही. दुसऱ्या वर्षी तीन खाल्ल्या आणि मशीन कपाटात लपवलं. आता पुरण शिजताना गूळ पूर्वीच्या पाऊणपट घालते, जायफळ थोडं जास्त, पोळी तळहाताएवढी. आधी वाटीभर कोशिंबीर. मग कटाची आमटी दोन वाट्या, कारण तिच्यासारखी आमटी वर्षात पुन्हा होत नाही. मग एक पुरणपोळी, वर तूप, आणि भाताला त्या दिवशी सुट्टी. भांडी घासून झाल्यावर वीस मिनिटं गच्चीत चालते. यंदा दोन तासांनी १६८ होती. दुसरी पोळी फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली होती. दुसऱ्या दिवशी धुळवडीला सकाळी बघते तर तिथे फक्त फॉइल.